लाकडी भांड्यांचे तेलपाणी: पेण-रोह्याच्या स्वयंपाकघरातील एक विस्मृत विद्या

कोकणातील घरगुती वस्तूंच्या इतिहासात तांब्या-पितळेच्या भांड्यांना जेवढी जागा मिळाली तेवढी लाकडी भांड्यांना मिळाली नाही. धातूचे भांडे पिढ्यान्‌पिढ्या टिकते, त्यावर नाव कोरले जाते, ते गहाण पडते आणि वाटणीच्या कागदात नोंदलेही जाते. लाकडी चाटू मात्र झिजला की चुलीत जातो आणि त्याच्याबरोबर तो घडवणाऱ्याचे व जपणाऱ्याचे ज्ञानही नाहीसे होते. या ज्ञानाचा सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे अन्नाला लागणाऱ्या लाकडावर कोणता लेप द्यावा, म्हणजे काय चोळावे, काय मुळीच चोळू नये आणि कोणत्या वस्तूला काहीही न लावता तशीच ठेवावी, याची जाण. आजच्या रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या दोन तालुक्यांच्या संदर्भात ही जाण तपासली, तर असे दिसते की तिचा आधार कोणत्याही एका पदार्थावर नसून परसातले लाकूड, घाण्याचे तेल, चुलीचा धूर, राखेचे घासणे आणि रोजचा वापर या पाच गोष्टींच्या सांगडीवर होता. विसाव्या शतकात ही सांगड एकेक दुवा करून सुटत गेली, आणि लाकडी भांड्याला काय लावावे हा प्रश्न आज जो अवघड वाटतो तो त्यामुळेच.

पेण हे भोगावती नदीच्या काठी, खारेपाटाच्या, म्हणजे खाडीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या खारट जमिनीच्या कडेला वसलेले गाव असून भात आणि मीठ हा त्याच्या जुन्या व्यापाराचा कणा होता. रोहा कुंडलिकेच्या काठी आहे, नदीपलीकडे अष्टमी आहे, आणि ही नदी पुढे रेवदंड्याजवळ समुद्राला मिळत असल्याने येथील माल खाडीमार्गे थेट मुंबईपर्यंत जात असे. पूर्वेकडील डोंगरांत साग, ऐन, किंजळ, शिसव, शिवण आणि खैर ही झाडे होती. खैरापासून काथ काढणाऱ्या कातकऱ्यांची वस्तीही याच पट्ट्यात दाट होती, आणि मुंबईच्या चुलींना लागणारा कोळसा पाडण्याच्या कामात पुढे हीच मंडळी जुंपली गेली. जंगल इतके जवळ असूनही स्वयंपाकघरातील लाकूड मात्र बहुधा जंगलातून येत नसे, कारण इंग्रजी अमलात, विशेषतः 1878 च्या वनकायद्यानंतर, राखीव जंगलातील लाकूड तोडणे हा गुन्हा ठरला. या निर्बंधांविरुद्धचा रोष किती खोल होता हे पेणपासून फार लांब नसलेल्या चिरनेर येथे 25 सप्टेंबर 1930 रोजी झालेल्या जंगल सत्याग्रहाने आणि तेथील गोळीबाराने दाखवून दिले. परिणामी आंबा, फणस, बाभूळ, शिवण अशी बांधावरची आणि परसातली झाडेच घरगुती भांड्यांचा मुख्य आधार राहिली. हे सांगणे महत्त्वाचे आहे, कारण लेपाची निवड नेहमी लाकडापासून सुरू होते: आंब्याचे लाकूड मऊ असते आणि पाणी पटकन पिते, बाभूळ व शिसव घट्ट असतात, तर सागात स्वतःचेच तेलकट द्रव्य असल्याने तो बाहेरून दिलेले तेल फारसे आत घेत नाही.

या लाकडांतून घडणाऱ्या वस्तूंची यादी मोठी आहे. पोळपाट-लाटणे, बसायचे पाट, ताक घुसळण्याची रवी, भाकरीचे पीठ मळण्याची खोलगट काठवट, भात कांडण्याचे उखळ-मुसळ, शेवेचा सोऱ्या, आमटी ढवळण्याचा चाटू आणि नारळाच्या करवंटीला दांडा बसवून केलेली डवली या वस्तू नसलेले घर विरळाच. त्या घडवणारा सुतार हा बलुतेदार, म्हणजे गावाच्या शेतकामाबद्दल पिकाच्या वेळी धान्याच्या रूपात ठरीव वाटा घेणारा कारागीर होता. नांगर आणि कुळव हे त्याचे बांधील काम, तर लाटणे किंवा चाटू हे सवडीचे, तुकड्याताकड्यांतून उरकायचे काम. वस्तू गुळगुळीत करण्यासाठी घासकागद येण्यापूर्वी सह्याद्रीच्या पायथ्याशी सहज मिळणारे खरवताचे पान वापरात होते. उंबराच्या कुळातील या झाडाचे पान वाळले की इतके खरखरीत होते की त्याने लाकूडच काय, हस्तिदंतही घासून चकचकीत करता येतो. सुताराचे काम येथे संपत असे. त्याच्या हातून घरात येणारी वस्तू कोरीच असे, आणि तिला काय लावायचे ते ठरवणे व लावणे हे स्वयंपाकघराचे, म्हणजेच बायकांचे काम होते. या विद्येची लेखी नोंद न राहण्याचे हेही एक कारण आहे.

लाकडी चाटू आणि करवंटीची डवली धातूच्या पळीशेजारी टिकून राहिली यामागे केवळ स्वस्ताई नव्हती. तांब्या-पितळेच्या पातेल्यात चिंच, आमसूल किंवा ताक घातलेला पदार्थ शिजवला तर आंबटाने तांबे सुटते आणि अन्न कळकते, म्हणून अशा भांड्याला आतून कल्हई करावी लागते; भांडे तापवून, नवसागराने साफ करून, कथलाचा पातळ थर कापसाने सर्वत्र पसरवणे ही ती क्रिया. कथील मऊ असते आणि 232 अंश सेल्सियसला वितळते, त्यामुळे धातूच्या पळीने खरवडले की थर उडतो आणि कल्हईवाल्याला पुन्हा बोलवावे लागते. लाकडी चाटू हा थर राखतो. याचा अर्थ असा की अन्नाला लागणारा लेप, तो कशाने झिजतो, झिजल्यावर पोटात काय जाते आणि तो पुन्हा कधी द्यावा, या साऱ्याचा विचार या स्वयंपाकघरांत धातूच्या निमित्ताने रोज होतच होता. ज्या घरात पातेल्याच्या थराची इतकी काळजी घेतली जात होती, त्याच घरात चाटूवर उडून जाईल असा थर मुद्दाम दिला गेला नाही, हे योगायोगाने घडले असे मानता येत नाही.

थर द्यायचा नाही म्हणजे काहीच करायचे नाही, असे मात्र नव्हते. नवी वस्तू पाण्यात किंवा भाताच्या पेजेत भिजवून, सावलीत वाळवून, मग तिला तेल पाजायचे, म्हणजे तेल चोळून ते मुरेपर्यंत ठेवायचे आणि उरलेले पुसून टाकायचे, अशी साधारण रीत असे. हे तेल कोठून येत होते, या प्रश्नाशी पेण-रोह्याच्या इतिहासातील एक अत्यंत महत्त्वाचा समाज जोडलेला आहे. कुलाबा (आजच्या रायगड) किनाऱ्यावर शेकडो वर्षे राहणाऱ्या बेने इस्रायल या ज्यू समाजाचा परंपरागत धंदा तेल गाळण्याचा होता, आणि शनिवारी, म्हणजे आपल्या साप्ताहिक विश्रांतीच्या धार्मिक दिवशी, ते घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. 1883 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या कुलाबा व जंजिरा खंडात या समाजाची सविस्तर नोंद आहे. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही त्यांच्यातील आडनावे त्यांची गावे आजही सांगतात, आणि पेण व अष्टमी येथील त्यांची एकोणिसाव्या शतकातील प्रार्थनामंदिरे त्या वस्तीची साक्ष देतात. अठराव्या शतकाच्या मध्यापासून या समाजातील कुटुंबे मुंबईकडे जाऊ लागली आणि 1948 मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यानंतर बहुतेक जण तिकडे गेले. त्यांच्यामागे हिंदू तेल्यांचे घाणे चालू राहिले, तरी गावागावांत ताजे तेल देणाऱ्या व्यवस्थेची एक मोठी फळी या स्थलांतराने निखळली.

घाणा हाही एका अर्थी लाकडी भांडेच होता. बैलाने ओढलेल्या लाटेखाली, लाकडी उखळीत तीळ किंवा खोबरे चिरडले जाई, आणि वर्षानुवर्षे तेल मुरलेले ते लाकूड ना कुजे ना किडे. लाकडाचे संरक्षण खाण्याच्या तेलानेही होते, याचा याहून ठळक पुरावा तेल्याच्या गिऱ्हाइकाला मिळणे शक्य नव्हते. किनाऱ्याकडील अलिबाग, रेवदंडा आणि मुरूडच्या बागांतून खोबरे येई, तर पेण-रोह्याच्या वरकस जमिनीवर, म्हणजे डोंगरउतारावरील हलक्या जमिनीत, नाचणी-वरीबरोबर तीळ व कारळे निघत. ही तिन्ही तेले लाकडावर सारखी वागत नाहीत.

तेलाच्या या वागण्याचा उलगडा आधुनिक रसायनशास्त्राने केला आहे. काही तेले हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होतात आणि लाकडावर पातळ, न विरघळणारी त्वचा तयार करतात. त्यांना सुकणारी तेले म्हणतात. काही कधीच सुकत नाहीत आणि काही अर्धवट सुकून चिकट होतात. शंभर ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषते त्या आकड्याला आयोडीन मूल्य म्हणतात, आणि हा आकडा जितका मोठा तितका तेलाचा सुकण्याकडे कल जास्त. जवसाच्या तेलाचे मूल्य 170 च्या वर जाते, कारळ्याचे सुमारे 130, तिळाचे 104 ते 120, तर खोबरेलाचे केवळ 6 ते 11 असते. खोबरेल सुकत नाही, पण त्यातील सुमारे नव्वद टक्के मेदाम्ले संतृप्त, म्हणजे प्राणवायूशी सहज संयोग न पावणारी असल्याने ते लवकर खवटही होत नाही. सुमारे 24 अंशांखाली ते गोठते, त्यामुळे थंडीत लाकडाच्या छिद्रांत ते मेणासारखे बसून राहते. तिळाच्या तेलात खवटपणा रोखणारी स्वतःची द्रव्ये आहेत. कारळ्याचे तेल मात्र लाकडावर जाडसर राहिले की चिकटते. पोळपाटाला खोबरेल किंवा तिळाचे तेल लावण्याचा जो प्रघात कोकणात रुळला तो या आकड्यांशी तंतोतंत जुळतो, आणि अनुभवाने शोधलेली गोष्ट प्रयोगशाळेने नंतर सिद्ध करावी याचे हे चांगले उदाहरण आहे.

या व्यवस्थेत तेलाइतकेच महत्त्व राखेला होते. भांडी घासायची चुलीची राख अल्कधर्मी असते. ती लाकडावरच्या तेलाच्या वरच्या थराशी संयोग पावून त्याचा थोडा साबण करते आणि नारळाच्या शेंडीने घासताना तो निघून जातो. त्यामुळे जुने, खवट होऊ पाहणारे तेल लाकडावर साचत नसे, आत मुरलेले तेवढे राही आणि वरून नवे दिले जाई. धुतलेली भांडी उन्हात न ठेवता सावलीत वाळवत, कारण कोवळ्या लाकडाला कडक ऊन लागले की ते तडकते. त्यानंतर ती चुलीच्या वर, माळ्याखाली किंवा फडताळात, धुराच्या वाटेवर ठेवली जात. धुरातील द्रव्ये बुरशीला रोखतात, आणि ज्या प्रदेशात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत भिंतीही घामेजतात तेथे हा गुण दुर्लक्षिण्यासारखा नाही. तेलाने पाणी अडवायचे, राखेने तेल ताजे ठेवायचे आणि धुराने बुरशी दूर ठेवायची, अशी ही रचना होती. तिच्यातील एकही अंग एकट्याने पुरेसे नव्हते.

पेणच्या बाबतीत या रचनेचे एक विशेष रूप पाहायला मिळते. गणपतीच्या मूर्तींइतकेच हे गाव पोहे, पापड आणि मिरगुंडांसाठी ओळखले जाते, आणि पापडाचा धंदा हा अथपासून इतिपर्यंत लाकूड व तेल यांच्या संयोगावर चालतो. उडदाच्या पिठात पापडखार घालून घट्ट भिजवलेला गोळा तेलाचा हात लावत कुटला जातो, त्याच्या लाट्या तेलात बुडवून पोळपाटावर अगदी पातळ लाटल्या जातात, आणि रेघांच्या लाटण्याच्या खोबणीखोबणीत हे तेल शिरते. अशा पोळपाटाला वेगळे तेल पाजण्याची गरजच पडत नाही. कामच त्याला लेप देते, आणि काम जितके जास्त तितका लेप पक्का. पापडखार अल्कधर्मी असल्याने लाकडातील टॅनिन, म्हणजे सालीत व गाभ्यात असणारे तुरट द्रव्य, गडद होते आणि पापडाचा पोळपाट काही हंगामांत तपकिरी-काळसर दिसू लागतो. हा रंग मळाचा नव्हे, तर लाकूड पिकल्याचा मानावा लागतो. हस्तकलेच्या आजच्या बाजारात ज्या गडद, मऊ झळाळीसाठी महागडे लेप विकले जातात, ती झळाळी पेणच्या पापड लाटणाऱ्या बायकांच्या पोळपाटांवर मजुरीच्या तासांतून आपोआप चढलेली आहे, आणि तिचे श्रेय त्यांना क्वचितच दिले गेले.

काय लावायचे याइतकीच काय लावायचे नाही याची जाण या भागात स्पष्ट होती, कारण लाकडाला वाचवणारे इतर पदार्थ येथे भरपूर होते. उंडीच्या बियांचे तेल दिव्याला आणि होड्यांना, करंजाचे तेल दिव्याला आणि कातडीच्या विकारांवर, मुशीसारख्या माशांच्या यकृताचे तेल होड्यांच्या फळ्यांना, राळ फळ्यांच्या सांध्यांना, ऐनाची साल जाळ्यांना, काजूच्या टरफलाचे तेल खांबांना वाळवी लागू नये म्हणून, असे या साऱ्यांचे उपयोग वाटले गेले होते. यांतील कित्येक द्रव्ये लाकूड टिकवण्याच्या कामी खोबरेलापेक्षा कितीतरी सरस आहेत. तरीही ती स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसत. काजूच्या टरफलाचे तेल आणि बिब्याचा रस अंगाला लागला तरी फोड येतात, आणि बिब्याच्या झाडाला कुऱ्हाड लावायलाही सुतार कचरतो. जे खाता येते तेच खाण्याच्या भांड्याला लावावे, हा नियम कोणी लिहून ठेवलेला नसला तरी खाडीकाठची घरे तो काटेकोरपणे पाळत, आणि एकाच घरातील होडी व काठवट यांना दोन वेगळी तेले मिळत.

लाखेच्या बाबतीत हा विवेक अधिक सूक्ष्म झालेला दिसतो. लाख म्हणजे पळस, बोर, कोशिंब अशा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या बारीक किड्याने स्वतःभोवती रचलेले राळेसारखे आवरण. ते शुद्ध करून पातळ पापुद्र्यांच्या रूपात काढले की त्याला चपडा लाख म्हणतात, आणि आज मिठाईच्या गोळ्यांवर व औषधांवर चकाकीसाठी ती खाद्य द्रव्य म्हणून दिली जाते. कोकणच्या दक्षिण टोकाला सावंतवाडीत लाखकामाची मोठी परंपरा उभी राहिली. कातकामात, म्हणजे चरकावर फिरत्या लाकडाला हत्याराने आकार देण्याच्या कामात, लाकूड फिरत असतानाच त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबली जाते, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते आणि केवड्यासारख्या पानाने घासून तिला चमक आणली जाते. याच तंत्राने झालेली भातुकली, म्हणजे इवलाली पोळपाट-लाटणी, उखळे आणि चुली, महाराष्ट्रभर पोहोचली. खेळातल्या पोळपाटाला लाख आणि खऱ्या पोळपाटाला नाही, हा भेद विचार करण्यासारखा आहे. चपडा लाख सुमारे 75 ते 80 अंशांना मऊ पडते, पाण्यात राहिली की पांढुरकी होते आणि अल्कधर्मी द्रवात विरघळते. म्हणजे उकळती आमटी, भिजत पडलेली भांडी आणि राखेचे घासणे या तिन्ही गोष्टी तिला मारक आहेत. ज्या स्वयंपाकघरात राखेने भांडी घासली जात तेथे लाख महिनाभरही टिकली नसती. डब्याचे झाकण, दांड्याचे टोक, फळांची परडी ही तिची खरी जागा.

जुने ते सारे निर्दोष होते, असे मात्र म्हणता येत नाही. भारतीय लाखकामात पिवळ्या रंगासाठी हरताळ, म्हणजे सोमलाचे खनिज, आणि लालसाठी हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे खनिज, वापरले जात असत, आणि शेंदूर तर शिशापासूनच होतो. लाख खाण्यायोग्य असली तरी तिच्यात मिसळलेला रंग विषारी असू शकतो, आणि लहान मूल खेळणे तोंडात घालतेच. याच कारणाने घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपर्यंत मर्यादित करणारे केंद्र सरकारचे 2016 चे नियम आणि 1 जानेवारी 2021 पासून लागू झालेला खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश हे हस्तकलेवरचे ओझे म्हणून न पाहता मुलांच्या हक्काचे संरक्षण म्हणूनच पाहिले पाहिजेत.

विसाव्या शतकात ही सांगड सुटण्याची सुरुवात पॉलिशपासून झाली. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे पॉलिश इंग्रजी फर्निचरबरोबर मुंबईत आले आणि तेथून सुतारांबरोबर खाडीपलीकडे पोहोचले. पुढे व्हार्निश, मेलामाइन आणि पॉलियुरेथेन आले, आणि जे खुर्चीला शोभते तेच पोळपाटालाही, असा समज रूढ झाला. लेप देण्याचे काम स्वयंपाकघरातून दुकानात गेले, हा यातील खरा बदल आहे. ज्या बाईने ती वस्तू वापरायची तिला तिच्यावर काय लावले आहे हेच कळेनासे झाले. याच काळात स्टेनलेस स्टीलने कल्हईची गरज संपवली आणि तिच्याबरोबर चाटूचे एक मोठे प्रयोजनही संपवले. गॅसच्या शेगडीने धूर आणि राख दोन्ही घालवली. राखेच्या जागी साबणाची पूड आली. घाण्याच्या तेलाची जागा शुद्धीकृत सोयाबीन आणि सूर्यफुलाच्या तेलाने घेतली. 1986 च्या राष्ट्रीय तेलबिया मोहिमेच्या आगेमागे ही तेले घरोघर स्थिरावली, आणि त्यांचे आयोडीन मूल्य 120 ते 140 च्या आसपास असल्याने लाकडावर ती अर्धवट सुकून चिकट, वास मारणारा थर सोडतात. आजीने सांगितले म्हणून नातीने पोळपाटाला घरातले तेल लावले आणि पोळपाट चिकटला, तर त्यात आजीचे सांगणे चुकलेले नसते. डब्यातले तेल बदललेले असते. रोह्याजवळच्या धाटाव येथे रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत उभी राहिली त्याच दशकांत तालुक्यातील स्वयंपाकघरांतूनही जुनी द्रव्ये निघून नवी आली. हे स्थित्यंतर एका तालुक्याचे नसून देशाचे होते.

लाकडी भांडी परतली ती नॉनस्टिक तव्यांमुळे. तव्यावरचा न चिकटणारा थर धातूच्या उलथन्याने खरवडला जातो, म्हणून शहरी घरांना पुन्हा लाकडी उलथने लागले; ज्या कारणाने कल्हईच्या पातेल्यात चाटू होता त्याच कारणाने तो परत आला. त्याच्याबरोबर लेपाचा प्रश्नही परतला, आणि या वेळी त्याची उत्तरे जगभरातून आली. युरोपात जवसाचे तेल शतकानुशतके वापरात आहे. कच्चे जवसतेल सुकायला अनेक दिवस, कधी आठवडेही घेते, पण सुकल्यावर पाण्याला चांगला अटकाव करते. बाजारात उकळलेले म्हणून मिळणाऱ्या जवसतेलात मात्र लवकर सुकण्यासाठी कोबाल्ट, मँगनीज असे धातूंचे क्षार घातलेले असतात आणि पूर्वी शिसेही घालत, त्यामुळे ते अन्नाच्या भांड्याला लावू नये. खनिज तेलापासून शुद्ध केलेले द्रवरूप पॅराफिन खवट होत नाही, पण सुकतही नाही, आणि धुण्यात हळूहळू निघून जाते. मधमाश्यांचे मेण 62 ते 64 अंशांना वितळते, म्हणून पोळपाटावर ते उत्तम आणि उकळत्या आमटीत निरुपयोगी. पॉलियुरेथेनचा पूर्ण सुकलेला थर विषारीच असतो असे नाही. अडचण अशी की लाटण्याच्या दाबाखाली आणि चाटूच्या कडेवर तो तडकतो, त्याच्या कपच्या अन्नात जातात आणि तडीतून शिरलेले पाणी खाली अडकून लाकूड काळे पडते. उघड्या लाकडाविषयीची भीतीही तपासली गेली आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लाइव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लाकडी फळीवर सोडलेले जंतू लाकडात खोल ओढले जाऊन तेथे वाढू शकले नाहीत, तर सुरीने चरे पडलेल्या प्लॅस्टिकच्या फळीवरून ते धुऊन काढणे अवघड गेले.

हे सारे लक्षात घेता आज पेण-रोह्यात, किंवा अन्यत्र कोठेही, हाताने लाकडी भांडी घडवणाऱ्यांसाठी निवड फारशी कठीण नाही. उकळत्या पदार्थात जाणारा चाटू, डवली आणि रवी यांना नितळ घासून खोबरेल पाजावे आणि वरून कोणताही थर देऊ नये. पोळपाट, लाटणे आणि काठवट यांना खोबरेल किंवा घाण्याचे तिळाचे तेल, आणि हवे तर त्यात थोडे मधमाश्यांचे मेण. लाख फक्त दांड्यांना, झाकणांना आणि कोरड्या वस्तूंना, तीही शिसे-पाऱ्याच्या रंगाविना. व्हार्निश आणि उकळलेले जवसतेल कशालाच नाही. शेंगदाण्याचे किंवा अक्रोडाचे तेल वापरणाऱ्यांनी ते ज्यांना सोसत नाही अशा माणसांचा विचार करावा. शिसवाचा मोह आवरावा, कारण 2017 पासून शिसवाचे संपूर्ण कूळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांखाली आहे आणि आंबा, शिवण, बाभूळ ही लाकडे हेच काम समर्थपणे करतात. लाकडी भांडी विकणाऱ्या प्रत्येक कारागिराने आणि बचतगटाने वस्तूसोबत एका चिठ्ठीवर लाकूड कोणते, लेप कोणता आणि तो पुन्हा केव्हा द्यावा हे मराठीत लिहून द्यावे, आणि विकत घेणाऱ्यानेही अशी चिठ्ठी मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.